सैल केलेली केबल

दोन दिवसांसाठी आलेल्या सासऱ्यांचा मुक्काम महिनाभर लांबला होता. आज गाडीने त्यांना त्यांच्या घरी सोडून यायचं अखेर ठरलं. पण गाडीचे मागचे ब्रेक गेलेले, म्हणून जावई सकाळीच नवे कॅलिपर बसवायला घेऊन बसला. हँडब्रेक आधीच खाली करून त्याने त्याची मागच्या चाकाकडे जाणारी केबल सैल केली होती, तरी ती जुन्या कॅलिपरच्या हुकातून निघायचं नाव घेईना. त्याने तेल सोडलं, हातोडी चालवली, केबलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सासरे ऊन नको म्हणून गाडीतच पुढच्या सीटवर बसून धीर देत होते.

"गंजली असणार, जावईबापू. लावा जोर!"

"आणखी किती लावू, बाबा?"

"होईल हो सावकाश. मी कुठे पळून जातोय?"

दुपारी बोटं सोलवटल्यावर जावयाला शंका आली आणि तो उठून खिडकीतून आत डोकावला. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढलेला होता, आणि सासरे तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.