हुबेहूब चंद्री

कांचन आईचं जुनं लुगडं नेसून गोठ्यात आली, तसे मामा हसले. "अगं, म्हशीला फसवायला निघालीस की स्वतःला?"

म्हैस दिसायला मात्र थेट चंद्रीच होती. तशीच मागे वळलेली शिंगं, तसंच मान तिरकी करून बघणं. आईच्या लाडक्या चंद्रीच्या कानाच्या कातडीपासून संशोधन केंद्रात हिला घडवलं होतं. आई गेली, चंद्रीही गेली. पण ही दारात आली त्या दिवशी कांचनला अंगणात आईचं हसू ऐकू आल्यासारखं वाटलं होतं.

आता ही पहिल्यांदाच व्याली होती आणि काही केल्या पान्हा सोडत नव्हती. कास तटतटून दगड झाली होती. आज दूध निघालं नाही तर ती कायमची बिघडणार. कांचनने आईसारखी पाठीवर थाप दिली, आईसारखंच "हं माझी बाय" म्हटलं. म्हशीने लाथ झाडली. बादली कलंडली.

"कातडी चंद्रीची मिळाली पोरी, पण आईची ओळख कुठून आणणार? ती काय कानात असते?"

कांचनचे डोळे भरून आले. तेवढ्यात झोळीतलं तिचं तान्हं रडायला लागलं. तिने त्याला उराशी घेतलं आणि म्हशीला टेकूनच, आपल्या बेसूर आवाजात अंगाई धरली. हळूहळू म्हशीचे कान सैलावले. सडातून एक थेंब टपकला, मग धारच लागली.

"आली बघ तुझी चंद्री!"

"चंद्री आईची होती, मामा." तान्ह्याला त्यांच्या हातात देत कांचन दूध काढायला बसली. "हिचं नाव आपण दुसरं ठेवू."