नानांनी सांगितलेलं बंड

पारोळ्याकडच्या आमच्या गावात योगराजचा सारा जन्म पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात गेला. पुढारी असलेल्या नानांना त्याने कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट नानांच्या जावयाला मिळालं, तेव्हा नानांनी योगराजला बोलावलं.

"योगराज, तू बंड कर. अपक्ष उभा ऱ्हाय, विरोधकस्ना मतं फोड."

"हो नाना."

अर्ज नानांनीच भरून दिला. 'माझ्यावर अन्याय झाला' हे भाषणही त्यांनीच पाठ करून घेतलं. पक्षातून हकालपट्टी झाली त्या दिवशी योगराज पेढे घेऊन नानांच्या पाया पडून आला.

पण तेच भाषण रोज करता करता योगराजला ते पटायला लागलं. लोकांना तर त्याच्याही आधी पटलं. जावई पडतो की काय, अशी वेळ आली, तेव्हा नानांनी त्याला पुन्हा बोलावलं.

"आते बंड पुरं झायं. मना जवाईले पाठिंबा दे."

"नाही नाना."





"आरे, मी तुले बंड कराले सांगेल व्हतं. माले नही म्हनाले कोनी सांगं?"