तळहातावरची तार

"आज डोंगरावर नका येऊ तुमी. ऊन लई हाय," सुंदरबाई पुन्हा म्हणाल्या.

धर्मराजनं पाण्याची बाटली पिशवीत टाकली. "काकू, लातूरहून त्याच्यासाठीच आलोय."

राधाकिशन पुढं निघालेही होते. सत्तरी ओलांडलेली, पाठीवर रेडिओची पिशवी, खांद्यावर अँटेनाचा बांबू. मागचं बोलणं त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मागं एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते.

घाटनांदूरच्या मागचा हा डोंगर नवरा-बायको दर रविवारी चढत. गावातले आधी हसले, मग विसरून गेले. राधाकिशन अंबाजोगाईच्या तार ऑफिसात नोकरीला होते. तार बंद पडली तरी तारयंत्राच्या कडकट्टचा नाद सुटला नाही. परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं बिनतारी संदेश पाठवायचं, लायसन काढलं. उंचावरून छोट्या सेटचे संदेशही लांब जातात, म्हणून डोंगर. कान गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. पण अंगणवाडीत जन्म काढलेल्या सुंदरबाई नवऱ्याकडूनच तारेची ठोक्यांची भाषा, मोर्स, शिकल्या. हेडफोन त्यांच्या कानाला लागला. ऐकू येईल ते त्या बोटानं नवऱ्याच्या तळहातावर ठोकायच्या, कधी छोटा ठोका, कधी लांब.

धर्मराजचं लातुरात विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि त्यालाही हाच नाद. दिवाळीपर्यंत दर रविवारी काका त्याला रेडिओवर भेटायचे. दिवाळीनंतर एकदाही सापडले नव्हते. फोन केला की काकू म्हणायच्या, "झकास चाललंय. लई लोक भेटतेत तेंना." म्हणून आज तो सेट तपासायलाच आला होता.

सीताफळीच्या झुडपांतून वाट वर जात होती. सुंदरबाई गुडघ्यावर हात देत चढत होत्या.

"इतकं दुखतंय तर दर रविवारी कशाला येता, काकू?"

"तेंना नाद हाय," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

माथ्यावर वारा होता. खाली रेल्वेचे रूळ, पलीकडं पवनचक्क्या. धर्मराज मदतीला उठला तर राधाकिशननी त्याला खांदा दाबून सावलीत बसवलं. "पाहुणे हाव तुमी. बसा." आपला आवाज किती मोठा निघतो ते त्यांना कळत नसे. मोठ्या दगडामागं बांबू त्यांनीच रोवला, केबल त्यांनीच आणून सेटला जोडली. मग मांडीवर मोर्सची कळ घेऊन ते हाक घालू लागले. बराच वेळ घातली. मग डोळे मिटून डावा हात बायकोपुढं धरला.

सुंदरबाईंचं बोट चालू लागलं.

राधाकिशनचा चेहरा उजळला. "नागपूरचा संत्रीवाला! बायको रुसलीय म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा बी समुद्र दाखवला न्हाई म्हणून." त्यांनी लगेच कळ दाबत उत्तर पाठवलं आणि पाठवता पाठवता मोठ्यानं वाचूनही दाखवलं, "चूक तुमचीच हाय. दाखवा तिला समुद्र. मी बी आमच्या हिला नेणार हाय." पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात पुढं.

धर्मराज हसला. "काकू, मला बी नमस्कार करू द्या त्यांना."

सुंदरबाईंनी हेडफोन घट्ट धरला. मग सोडला.

धर्मराजनं तो कानाला लावला. नुसती खरखर. त्यानं बटण इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. खरखरच. आणि शेजारी सुंदरबाईंचं बोट नवऱ्याच्या तळहातावर चालूच होतं.

"काकू, इथं कुणीच न्हाई."

"न्हाई," त्या म्हणाल्या. बोट थांबलं नाही. "आधी बी एखाद्या रविवारी कुणी यायचं न्हाई. तोंड उतरायचं तेंचं. तवा मीच दोन शबुद ठोकायची. घरी जाऊन एक भाकर जास्त खायचे. दिवाळीपासनं तर कुणीच येईना. मग मीच बोलते. आज नागपूर, उद्या कोचीन. नाशिकच्या एका मास्तराची हे जास्तच चौकशी करायला लागले, म्हून त्याला मारून टाकला, तर दोन दिस जेवले न्हाईत."

धर्मराजनं हेडफोन काढून खाली ठेवला.

"तेंना सांगू नका, बाबा. घरी कुणी बोलतं का तेंच्याशी? जेवा, गोळी घ्या, झोपा. ते बी खुणांनी."

"न्हाई सांगणार. पण बिघाड काय हाय ते बघतो. खरे लोक यायला लागले की तुमाला खोटं बोलावं लागणार न्हाई."

त्यांना बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. सुंदरबाईंचं बोट मात्र मंदावलं. नागपूरवाल्याला निरोप देऊन त्यांनी नवऱ्याची मूठ हलकेच मिटली. "बघा," एवढंच म्हणाल्या आणि चहासाठी काटक्या वेचायला पलीकडच्या उतारावर गेल्या.

सेट चांगला होता. बॅटरी भरलेली होती. धर्मराज केबल धरून धरून दगडामागं बांबूपाशी गेला. तिथं केबल अँटेनाच्या तारेला जोडलेलीच नव्हती. तुटली असेल म्हणून त्यानं टोक हातात घेतलं. ते तुटलेलं नव्हतं. पक्कडीनं सरळ कापून वर काळी टेप नीट गुंडाळलेली होती. तो नखानं टेप सोडवू लागला.

मनगटावर हात पडला. राधाकिशन मागं उभे होते. त्यांनी उताराकडं एकदा बघितलं. सकाळपासून मोठ्यानं बोलणारा तो माणूस आता कुजबुजल्यासारखा बोलला.

"राहू द्या, धर्मराज. दिवाळीत मीच कापलीय ती. खरं कुणी बोलायला लागलं की ही गप बसती."