परळीची राख

वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भरताना सायली एका ओळीवर अडली. "घरात कुणाला फुप्फुसाचा आजार आहे का, असं विचारलंय."

"न्हाई म्हणून लिही," तिचे वडील शिवशंकर म्हणाले. तिनं 'नाही' लिहिलं.

"आरं, तुझे बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी दम लागून गेले," आजी सत्यशीलाबाई मुलाला म्हणाल्या. "धाकटे काका त्याच्याबी आधी. विडीला कुणी शिवलं न्हवतं."

"त्यो आजार हाय व्हय, आई? वीज केंद्राची राख हाय ती. अख्ख्या परळीला दम हाय. उगा पोरीचं इमान खाली उतरवू नको!"

हे उत्तर सत्यशीलाबाई आयुष्यभर ऐकत आल्या होत्या. पण आज सकाळीच त्यांनी सायलीला जिन्यात मधेच थांबून धापा टाकताना पाहिलं होतं. त्या पोरीच्या भरवशावर विमानात दीडशे माणसं बसतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

"शिवा, आमचे मामंजी, तुझे आजोबा, अडतिसाव्या वर्षी असेच गेले. तवा केंद्राच्या जागी ज्वारीचं रान व्हतं. मीच तिथं भाकरी घेऊन जायची. तवा राख कुठून आली?"

सायलीनं 'नाही' खोडलं.

"मग इतकी वर्षं कावून बोलली न्हाईस?" शिवशंकर ओरडले.

"बोलले की रे. दर बारीला तुमी 'राख आत येतीया' म्हणत उठून खिडकी लावून घेतली."