तो तुमच्याच गल्लीत राहतो

मयुरीच्या वाढदिवसाला एकही मूल आलं नाही. बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत पोरांना काही तोटा नव्हता. पण सहा वाजले, सात वाजले, केकवरचं क्रीम पंख्याखाली सुकत चाललं, आणि सात वर्षांची मयुरी नवा फ्रॉक घालून फाटकाशी उभीच. तिच्या आईला, वर्षालीला, काही उमगेना. सकाळी तिने स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं होतं.

शेवटी ती समोरच्या आनंदाबाईंकडे गेली. आनंदाबाई म्हणजे गल्लीच्या बिनपगारी सरपंच. त्यांनी आधी पाणी दिलं, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "चौकातला बोर्ड पाह्यला का तू?"

तो कोणी पाहिला नव्हता? महिन्यापूर्वी कुठल्याशा संस्थेने लावला होता. पांढऱ्या गाडीचं नाक, चाकाखाली शाळेचं दप्तर, शेजारी एक एवढीशी चप्पल आणि रक्त. खाली लाल अक्षरं: 'गाडी उडवणारा तो तुमच्याच गल्लीत राहतो.'

गल्लीने ते अक्षरशः मनावर घेतलं होतं. इथे पांढरी गाडी एकच, वर्षालीच्या नवऱ्याची, सचिनची. तो हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. अर्ध्या तासात पोचतो म्हणून फुशारकी मारायचा, आणि हीच मंडळी 'गाडी हाय का विमान' म्हणत त्याची पाठ थोपटायची.

"अन् पुढचा दिवा नवा काऊन बसवला त्यानं?" आनंदाबाईंनी विचारलं.

"काकू, रोही आडवा आलता."

पोळ्याच्या सुमारास सचिन तिच्या माहेराहून, रोहण्याहून, एकटाच परतत होता, तेव्हा रोही, म्हणजे नीलगाय, गाडीला धडकला. घरी आल्या आल्या त्यानेच सांगितलं होतं. आनंदाबाई नुसत्या 'हं' म्हणाल्या.

वर्षालीला जास्त कोडं पडलं ते सचिनचं. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण बोर्ड लागल्यापासून मुकाट होता. गाडी अंगणात ठेवून एसटीने जायचा. ताटात अर्धं जेवण तसंच राहायचं. लोकलाजेने माणूस इतका खचतो, याचं तिला फार वाईट वाटलं, लोकांचा संतापही आला. करावं काय, ते मात्र सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेचं ऑफिस गाठलं. बोर्ड तयार करणारी दीपमाला सगळं ऐकून स्वतःच गोंधळली. भरधाव चालवणाऱ्याला शेजाऱ्यांनी टोकावं, त्याला लाज वाटावी, याचसाठी तर तिने ते भडक चित्र केलं होतं. पण एका लेकराचा वाढदिवस सुना जावा, हे तिच्या मनातही नव्हतं. जाहिरात साधली की फसली, तिला सांगता येईना. गाडी तिच्या भावाची होती, दप्तर-चप्पल भाचीची, रक्त म्हणजे रंग.

"कुठंच अपघात झाला नाई, ताई. सगळं आमच्या अंगणात मांडलं होतं."

तेच तिने संस्थेच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं.

आनंदाबाईंनी तो कागद गल्लीत मोठ्याने वाचून दाखवला. मंडळींच्या माना खाली गेल्या. संध्याकाळी झाडून सारी पोरं आली, मागोमाग त्यांच्या आया. खुद्द आनंदाबाईंनी मयुरीला ओवाळलं. वर्षालीला भरून आलं.

सचिन घरी आला तो दारात ही गर्दी पाहून थबकलाच. वर्षालीने त्याला आतल्या खोलीत नेलं, कागद हातात दिला. चित्रातली गाडी खोटी, दप्तर खोटं, अपघातच झालेला नाही, आता मान वर करून चाला, असं एका दमात सांगून टाकलं.

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो पलंगावर बसला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "त्या म्हातारीचं अजून कोणालेच माहीत नाई?"