रोटेनफेल्ड पूल

फीत कापायला कात्री पुढे झाली, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा वाट काढत आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायात काही नाही, छातीशी नावाड्यांना तारणाऱ्या कार्मेन मातेची वीतभर मूर्ती. नोएलियाने मान खाली घातली. तो तिचा बाप होता.

पोलिसाने त्याला दोरीपाशीच अडवलं. "आजोबा, मातेची मिरवणूक जुलैत असते. आज कुठे निघालात तिला घेऊन?"

"होडी आजपासून बंद ना, बाळा. चाळीस वर्षं ही माझ्या होडीत बसून माणसं पार करत आली. आता माणसं पुलावरून जाणार, तर हिनेही पुलावर यायला हवं. नावाड्याने स्वतःच्या हाताने आणून द्यायची असते."

"इथे ओळखतं का कोणी तुम्हाला?"

"त्या बाई."

पोलीस वळला. "बाईसाहेब, हे तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे."

नोएलिया पाहुण्यांची दुभाषी होती. शेजारी जर्मनीतल्या रोटेनफेल्डचे महापौर उभे होते. त्यांचं शहर या शहराची बहीण म्हणवत होतं, म्हणून पुलाला त्याचं नाव. शिष्यवृत्तीवर गेली तेव्हा ती दोन वर्षं त्यांच्याच घरी राहिली होती. पहिल्याच जेवणाला महापौरांच्या बायकोने वडिलांची चौकशी केली. पांढऱ्याशुभ्र टेबलाकडे बघत ती म्हणाली होती, शाळामास्तर होते, वारले. ती भली बाई मग दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मेणबत्ती लावायची. नोएलिया तिच्याशेजारी गुडघे टेकून बसायची.

"मी नाही ओळखत," ती पोलिसाला म्हणाली.

म्हाताऱ्याने ऐकलं. मूर्तीच्या पायांवरचा चिखल बाहीने पुसत राहिला.

"कोण आहेत हे?" महापौरांनी विचारलं.

"इथले नावाडी. देवीची मूर्ती पुलावर ठेवायला आणली आहे."

महापौरांनी कात्री तबकात परत ठेवली. "मग पुलावर पहिलं पाऊल यांचंच. यांची मुलंबाळं कुठे आहेत, विचार. त्यांनाही बोलावून घेऊ, सगळे बरोबरच चालत जाऊ."

नोएलिया दोरीपाशी गेली. बापाने आता एकदा नावाने हाक मारावी, असं तिला मनापासून वाटलं. तिच्याच्याने जे होत नव्हतं, ते त्याने करावं.

"साहेब विचारतायत," ती म्हणाली, "तुम्हाला मुलंबाळं किती?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मूर्ती काखेत घेतली, डोक्यावरची टोपी काढली आणि महापौरांना अदबीने मान लववली.

"सांगा त्यांना, बाईसाहेब," तो म्हणाला. "मला मूलबाळ नाही."

महापौर उत्तरासाठी थांबले होते. नोएलियाने ते वाक्य जर्मनमध्ये सांगितलं, एकही चूक न करता.