चार विहिरींची तार

क्रेनच्या तारेचं आयुष्य क्रेन चालवणारा कलीम विहिरींवर मोजायचा. चार विहिरी खोदून झाल्या की तार बदलायची. धारूरच्या डोंगरात ही तार सहाव्या विहिरीवर आली होती.

“मालक, तारेचे धागे तुटायलेत. आज बदलायलाच पायजे,” कलीम म्हणाला.

“कावून घाबरतो बे? गंज हाय नुसता. अजून दोन विहिरी आरामात निघतेत,” क्रेनमालक विजयसिंह म्हणाला. सुरुंगानं फुटलेला खडक बघायला रोज सकाळी आधी तोच खाली उतरायचा. आज मात्र त्याची कंबर धरली होती. त्यानं खिशातला नवा मोबाईल काढून खोदाईवरच्या गहिनीनाथच्या हातात दिला. “तू जा. खडकाचे फोटो काढून आण.”

एवढा महागाचा मोबाईल मालकानं दिला, म्हणजे तार धड असणारच, असं गहिनीनाथला वाटलं. मोबाईल वरच्या खिशात ठेवून तो बकेटमध्ये बसला. “सोड कलीमभाई, काय न्हाई होत.”

कलीमनं नाइलाजानं बकेट उचलली. ती विहिरीच्या तोंडावर जाऊन लोंबकळली, तेवढ्यात विजयसिंह ओरडला, “थांब, थांब!”

कलीमचा जीव भांड्यात पडला.

विजयसिंह कंबर विसरून काठापर्यंत पळत आला आणि त्यानं गहिनीनाथपुढं हात केला.

“माझा मोबाईल दे इकडं. फोटो तुझ्याच मोबाईलवर काढ.”